म्हातारपणाकडे सरकलेला क्षय: इंग्लंडमधील एका अर्बन डिस्ट्रिक्टच्या मृत्युतक्त्यांचे प्रकरण

या प्रकरणातील गाव, तेथील इतिहास मंडळ आणि संबंधित माणसे यांची नावे दिलेली नाहीत. गाव लहान असल्यामुळे एखाद्या वयोगटात वर्षाला क्षयाचे एक आकडी मृत्यूच नोंदलेले आहेत, म्हणून त्या गावाचे आकडेही येथे छापलेले नाहीत. निष्कर्ष कोणत्या दिशेने गेले एवढेच सांगितले आहे. जिथे आकड्यांवाचून मुद्दा उलगडत नाही तिथे मॅसॅच्युसेट्स या अमेरिकी राज्याचे सर्वज्ञात आकडे वापरले आहेत.

पार्श्वभूमी

‘डिस्ट्रिक्ट’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे कलेक्टर कचेरी आणि दहाबारा तालुके उभे राहतात. इंग्लंडमध्ये १८९४ च्या कायद्याने निर्माण झालेला अर्बन डिस्ट्रिक्ट मात्र आपल्याकडील छोट्या नगरपालिकेच्या जवळ जाणारा होता: एक गिरणगाव, भोवतालच्या दोनचार वस्त्या, एक निवडून आलेली कौन्सिल आणि तिने नेमलेला, बहुधा अर्धवेळ काम करणारा आरोग्य अधिकारी. हा अधिकारी दरवर्षी अहवाल लिहीत असे आणि त्यात मृत्यूची कारणे व मृताचे वय यांचा एक तक्ता ठरलेल्या नमुन्यात देत असे. आमचे गाव उत्तर इंग्लंडमधले होते. तिथल्या बायका व पुरुष सुती कापडाच्या मागांवर काम करीत आणि पुरुषांचा एक मोठा गट गावालगतच्या दगडखाणींत राबत असे.

गावच्या इतिहास मंडळाने १९०१ ते १९३८ या काळातील अहवाल उतरवून काढण्याचे काम हाती घेतले. त्यातून सार्वजनिक आरोग्यावर एक पुस्तिका काढायची होती आणि तिच्यातील एक प्रकरण क्षयावर असणार होते. मी त्या भागातील एका विद्यापीठात संख्याशास्त्राचे काम करीत होते. मंडळाच्या अध्यक्षांनी, जे निवृत्त शिक्षक होते, आकडे तपासून देण्याची विनंती केली आणि मी ती मान्य केली. मंडळात छातीच्या रोगांचे एक निवृत्त डॉक्टरही होते. पुढे जे घडले त्यात चूक करणारी मीच होते, हे आरंभीच सांगितलेले बरे.

क्षयाच्या दृष्टीने हा काळ विशेष आहे. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू दाखवून दिला होता, त्यामुळे रोग आनुवंशिक नसून सांसर्गिक आहे हे आरोग्य अधिकाऱ्यांना ठाऊक होते. परंतु पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली हाती लागले. म्हणजे आमच्या तक्त्यांतील सगळे मृत्यू आणि मृत्युदरातील सगळी घट औषधाच्या आधीची आहे. फुप्फुसाच्या क्षयाची खबर देणे खासगी डॉक्टरांना १९१२ च्या आरंभापासून आणि क्षयाच्या सर्व प्रकारांची खबर देणे फेब्रुवारी १९१३ पासून बंधनकारक झाले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने विमाधारक कामगाराला सॅनेटोरियमचा लाभ दिला. अहवालांत या तारखांच्या आसपास शब्दही बदलतात. ‘थायसिस’ जाऊन ‘फुप्फुसाचा क्षय’ येतो. लहान मुलांच्या पोटाच्या क्षयासाठीचे ‘टेबीज मेसेंटेरिका’ हे जुने नाव हळूहळू नाहीसे होते; त्या नावाखाली पूर्वी हगवणीने गेलेली तान्ही बाळेही घातली जात असत.

मागाच्या गावाची एक खास भीतीही या अहवालांत डोकावते. धोटा म्हणजे आडवा धागा मागावर इकडून तिकडे नेणारे साधन; त्यातील धाग्याची कांडी संपली की विणकरणीला नवी कांडी बसवून तिचा धागा धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावा लागे, आणि तो ती तोंडाने ओढून घेई. एकच धोटा अनेकींच्या ओठांना लागे. मॅसॅच्युसेट्सने असा धोटा १९११ सालीच कायद्याने बंद केला. उत्तर इंग्लंडमधील लँकशायर या कापडगिरण्यांच्या परगण्यात तो १९५२ पर्यंत चालू राहिला. पुस्तिकेसाठी हा मजकूर फारच आकर्षक होता, आणि वयवार तक्त्यात त्याचा पुरावा सापडेल अशी मंडळाची आशा होती.

अडचण

उतरवलेल्या तक्त्यांवरून मी पहिला आलेख काढला तो असा: दर पाच वर्षांच्या क्षयमृत्यूंपैकी किती टक्के कोणत्या वयोगटात. चित्र लख्ख दिसले. शतकाच्या आरंभी मृत्यूंचा भार लहान मुले आणि तरुण यांच्यावर होता. १९३० च्या सुमारास तो ४५ वर्षांपुढील पुरुषांकडे सरकला होता. अध्यक्षांनी त्यावर एक परिच्छेद लिहिला. त्याचा आशय असा की या गावात क्षय आरंभी तरुणांचा रोग होता आणि पुढे तो वयस्क पुरुषांचा रोग झाला, कारण खाणीतील धूळ आणि महायुद्धानंतरच्या मंदीतील हलाखी यांनी प्रौढ पुरुषांची प्रतिकारशक्ती खाल्ली. परिच्छेद वाचायला चांगला होता. मी त्यावर ‘ठीक’ असा शेरा मारला.

शंका काढली ती निवृत्त डॉक्टरांनी. ४५ ते ६५ हा स्तंभ आलेखात १९११ पासूनच का सुरू होतो, असे त्यांनी विचारले. मी मूळ पाने पुन्हा उघडली तेव्हा उत्तर मिळाले आणि त्याबरोबर मानही खाली गेली. १९११ पूर्वीच्या छापील नमुन्यात वयाचे रकाने एक वर्षाच्या आत, १ ते ५, ५ ते १५, १५ ते २५, २५ ते ६५ आणि ६५ च्या पुढे असे होते. १९११ पासून ते एक वर्षाच्या आत, १ ते २, २ ते ५, ५ ते १५, १५ ते २५, २५ ते ४५, ४५ ते ६५ आणि ६५ च्या पुढे असे झाले. उतरवणाऱ्या स्वयंसेवकाने जुना चाळीस वर्षांचा अगडबंब रकाना सोयीसाठी ‘२५ ते ४५’ या स्तंभात टाकला होता. त्याने ते वहीच्या मागच्या पानावर प्रामाणिकपणे लिहूनही ठेवले होते. ते पान मी वाचलेले नव्हते. १९११ पूर्वी पन्नाशीतला जो खाणकामगार मेला तो आमच्या आलेखात तरुण म्हणून मेला होता.

रकाना दुरुस्त केल्यावर तरी चित्र बदलेल असे वाटले, पण १९११ नंतरच्या वर्षांतही तोच कल राहिला, थोडा सौम्य एवढेच. तेव्हा प्रश्न असा उरला की हा उरलेला कल खरा आहे का, आणि खरा असल्यास त्याचा अर्थ अध्यक्षांनी लावला तोच आहे का.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय, परिच्छेद तसाच ठेवून ‘अंदाजे’ हा शब्द घालणे, कोणी उघडपणे मांडला नाही. तरी छपाईची तारीख ठरलेली असल्यामुळे तो खोलीत हजर होताच. त्याच्या उलट टोकाला वयाचा विषयच गाळून एकूण मृत्यूंची घसरण तेवढी दाखवावी असा विचार होता. मी त्याला विरोध केला, कारण क्षयाच्या बाबतीत वय गाळणे म्हणजे रोगाचे अर्धे वर्तन गाळणे होय. तान्हे मूल क्षयाने जाते ते बहुधा मेंदूच्या आवरणाला किंवा सर्व शरीराला रोग पसरून. पाच ते पंधरा या वयात, संसर्ग झालेला असूनही, मृत्यू अत्यंत कमी असतात. पंधराव्या वर्षानंतर दर पुन्हा उसळतो आणि तो फुप्फुसाचा क्षय असतो. हा खळगा जवळजवळ प्रत्येक गावाच्या तक्त्यात दिसतो.

तिसरा पर्याय टक्केवारी सोडून दर काढण्याचा होता. टक्केवारीत एक फसवणूक असते: एका वयाचा वाटा वाढायला त्या वयाचे मृत्यू वाढावे लागत नाहीत, दुसऱ्या वयाचे कमी झाले तरी पुरते. त्यातच इंग्लंड व वेल्सचा जन्मदर १९०० च्या सुमारास हजारी २८-२९ होता तो १९३० च्या सुमारास १६ वर आला. गावात मुलेच कमी झाली तर मुलांचे मृत्यू कमी होणारच. दरासाठी भाजक हवा, आणि वयवार लोकसंख्या मिळते ती फक्त जनगणनेत, म्हणजे १९०१, १९११, १९२१ आणि १९३१ साली. मधल्या वर्षांचा भाजक अंदाजाने काढावा लागला असता, आणि १९१४ ते १९१८ मध्ये तर तरुण पुरुष गावातच नव्हते.

चौथा पर्याय वैयक्तिक नोंदींपर्यंत जाण्याचा होता. दफनाच्या वहीत नेमके वय असते पण कारण नसते. मृत्यूच्या नोंदवहीत दोन्ही असते, परंतु इंग्लंडमध्ये ती वही चाळता येत नाही. एकेका मृत्यूचे प्रमाणपत्र पैसे भरून मागवावे लागते. आरोग्य अधिकाऱ्याकडील क्षयरुग्णांची हस्तलिखित नोंदवही जिथे टिकली आहे तिथेही ती रुग्णांची माहिती असल्याने दीर्घ काळ बंद ठेवलेली असते. हा पर्याय आम्ही त्या वेळी बाजूला ठेवला.

पाचवा पर्याय आम्हाला तोवर सुचलाच नव्हता.

कार्यवाही

प्रथम दर काढले. भाजक विश्वासार्ह राहावा म्हणून जनगणनेच्या वर्षाभोवतालची वर्षे एकत्र धरायचे ठरले: १९१९ ते १९२३ आणि १९२९ ते १९३३. पहिल्या टप्प्यासाठी १९०९ ते १९१३ घ्यायला हवी होती, पण १९०९ व १९१० चे रकाने जुन्या पद्धतीचे असल्याने १९११ ते १९१३ या तीनच वर्षांवर समाधान मानावे लागले. १९३३ नंतर आम्ही थांबलो, कारण १९२९ च्या कायद्यानंतर इंग्लंडभर डिस्ट्रिक्टांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या आणि आमच्या गावालाही शेजारची एक वस्ती जोडली गेली. अडतीस वर्षांचे अहवाल उतरवून त्यांतील तेरा वर्षेच कामास यावीत याचे स्वयंसेवकांना फार वाईट वाटले, आणि ते मला आधी सांगता आले असते.

याच वेळी मृत्यूच्या ठिकाणाचा प्रश्नही पुढे आला. गावातील गरीब म्हातारा आजारी पडला की त्याला शेजारच्या शहरातील वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधारांसाठीच्या सार्वजनिक आश्रयगृहाच्या, रुग्णालयात नेत, आणि तो तिथेच मरे. १९११ पासून अशा मृत्यूंची नोंद मृताच्या राहत्या डिस्ट्रिक्टकडे पद्धतशीर वळती होऊ लागली; त्यापूर्वी आरोग्य अधिकाऱ्याला जेवढी माहिती मिळे तेवढेच मृत्यू तो आपल्या तक्त्यात घेई. म्हणजे वयस्कांच्या मृत्यूत १९११ च्या सुमारास दिसणारी वाढ अंशतः कारकुनी असू शकते. मुंबईच्या जुन्या आकड्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. गिरणीतला कोकणी कामगार खोकल्याने खंगला की मुलखाला परत जाई. त्याचा मृत्यू रत्नागिरीकडच्या एखाद्या गावात होई, तिथे तो ‘ताप’ म्हणून लिहिला जाई किंवा लिहिलाच जात नसे, आणि मुंबईचा तक्ता तेवढ्याने निरोगी दिसे. आमच्या गावात प्रवाहाची दिशा निराळी होती, चूक त्याच जातीची होती.

दर हाती आले तेव्हा अध्यक्षांच्या परिच्छेदातील मुख्य विधान कोसळले. ४५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा दर वाढलेला नव्हता. तो घटला होता. केवळ तरुणांच्या आणि मुलांच्या दराइतका वेगाने घटला नव्हता. तरीही १९३० च्या सुमारास पुरुषांमध्ये सर्वांत उंच दर याच वयाचा होता आणि १९११ च्या सुमारास तसे नव्हते. ‘रोग वयस्कांकडे सरकला’ हे वाक्य त्यामुळे अजून तग धरून होते, आणि मी ते या नव्या आधारावर पुन्हा मान्य करण्याच्या बेतात होते.

त्या आठवड्यात पुण्यातील माझ्या जुन्या सरांशी फोनवर बोलणे झाले. मी त्यांना सगळा तक्ता वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “अगं, ही पन्नाशीची माणसं विशीत होती तेव्हा साल कोणतं होतं?” मी म्हटले, “सर, १९०० च्या आसपासचं.” “मग त्यांच्या विशीतला दर कुठल्या ओळीत आहे ते बघ, आणि फ्रॉस्टचा तक्ता काढ,” एवढे सांगून त्यांनी विषय बदलला.

वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील साथरोगशास्त्राचे पहिले प्राध्यापक. त्यांना स्वतःला क्षयाच्या संशयावरून सॅनेटोरियममध्ये राहावे लागले होते. १९३८ साली ते वारले आणि मॅसॅच्युसेट्समधील क्षयमृत्यूंच्या वयावरील त्यांचा लेख त्यांच्या पश्चात १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्वेचे आंडवोर्ड यांनी १९३० मध्ये हीच वाट दाखवली होती आणि फ्रॉस्ट यांनी तिचे ऋण मान्य केले होते. मॅसॅच्युसेट्सही गिरण्यांचे, दाट वस्तीचे राज्य असल्याने आमच्या गावाशी त्याची तुलना अगदीच दूरची नव्हती.

त्या तक्त्यात प्रत्येक सालाला एक स्तंभ आणि प्रत्येक वयोगटाला एक ओळ आहे. त्यातील पुरुषांचे दर, दर लाखामागे, असे आहेत. १९३० साली २० ते २९ वयाला ८१, ३० ते ३९ ला ११५, ४० ते ४९ ला ११८, ५० ते ५९ ला १२७ आणि त्यापुढे ९५. हा स्तंभ एकटा वाचला तर क्षयाचा कळस पन्नाशीत आहे असेच म्हणावे लागते. १९०० साली २० ते २९ वयाचा दर २८८ आणि ३० ते ३९ चा २९६ होता, १८८० साली तर २० ते २९ वयाचा दर ४४४ होता. आता स्तंभ सोडून तिरपे, म्हणजे एकाच पिढीच्या मागोमाग जात, वाचावे; आम्हाला तोवर न सुचलेला पाचवा पर्याय तो हाच. १८७० च्या दशकात जन्मलेली मुले १८९० साली १० ते १९ वर्षांची होती; त्यांचा दर ११५. हीच माणसे १९०० साली विशीत आली, दर २८८. १९१० साली तिशीत, दर २५३. १९२० साली चाळिशीत, दर १७५. १९३० साली पन्नाशीत, दर १२७. स्तंभात जो आकडा कळस म्हणून दिसतो तोच या तिरप्या ओळीत उताराचे टोक आहे. १९३० चे पन्नाशीचे पुरुष वयामुळे अधिक मरत नव्हते. ते अशा पिढीचे होते जिने लहानपणी आणि तरुणपणी जंतूचा फार मोठा मारा सोसला होता आणि जी प्रत्येक वयात आपल्या मागून येणाऱ्या पिढीपेक्षा अधिक मरत आली होती. त्याच साली विशीत असलेले ८१ ने मरत होते, कारण ते १९०० नंतर, तुलनेने कमी संसर्गाच्या काळात जन्मले होते.

हा तक्ता मी विद्यार्थ्यांना दोन वेळा शिकवलेला होता. शिकवताना तो मॅसॅच्युसेट्सचा असतो, आपल्या टेबलावरचा नसतो.

आमच्या गावाचे आकडे तिरपे वाचण्यात मात्र एक व्यावहारिक अडचण निघाली. रकान्यांची रुंदी दहा, वीस आणि वीस वर्षे, तर जनगणना दर दहा वर्षांनी. १९११ मधले १५ ते २५ वयाचे लोक १९२१ मध्ये २५ ते ३५ चे होतात आणि २५ ते ४५ च्या रकान्यात दुसऱ्यांबरोबर मिसळून जातात. प्रौढांमध्ये नेमकी जुळणारी एकच जोडी सापडली: १९११ मधले २५ ते ४५ चे लोक आणि १९३१ मधले ४५ ते ६५ चे लोक. दोन बिंदूंवर रेघ काढावी का, यावर बराच वाद झाला. रकान्यातील मृत्यू गणिताने एकेका वर्षात वाटून खोटी सलगता आणण्याचा मार्ग मला येत होता. गावाच्या पुस्तिकेत तो वापरू नये असे माझे मत पडले, कारण वाचकाला तो तपासता आला नसता. आम्ही ती एकच जोडी घेतली. त्या पिढीच्या पुरुषांचा क्षयमृत्यूदर त्यांच्या स्वतःच्या तरुणपणापेक्षा उतारवयात कमी निघाला.

निष्पत्ती

परिच्छेद बदलला. पुस्तिकेत आता असे लिहिले आहे की पुरुषांच्या सर्व वयांत क्षयमृत्यूचा दर घटला, तरुणांत अधिक घटला, आणि १९३० च्या सुमारास वयस्क पुरुषांत दिसणारा उंचवटा हा बऱ्याच अंशी त्यांच्या पिढीने लहानपणापासून सोबत आणलेला भार असावा. ‘बऱ्याच अंशी’ हे शब्द ठेवण्यावरून अध्यक्षांचे आणि माझे खटके उडाले. त्यांना खाणीची धूळ हवी होती, मला ती पुराव्याविना नको होती. शेवटी डॉक्टरांनी दाखवलेल्या एका गोष्टीमुळे दोघांनाही थोडे मागे यावे लागले.

ती गोष्ट म्हणजे बायकांचे आकडे. पिढीचे स्पष्टीकरण पुरेसे असते तर त्याच साली जन्मलेल्या बायकांमध्येही उंचवटा उतारवयाकडे सरकायला हवा होता, कारण लहानपणीचा संसर्ग त्याच घरांत, त्याच खोल्यांत झाला होता. प्रत्यक्षात बायकांचा उंच दर १९३० च्या सुमारासही तरुण वयातच होता. हे आमच्या गावापुरते नव्हते. इंग्लंडभर तरुण स्त्रियांतील क्षयमृत्यू इतरांच्या मानाने रेंगाळत घटत होते आणि त्या काळच्या संख्याशास्त्रज्ञांना त्याचा उलगडा करणे जड जात होते. म्हणजे स्त्रीपुरुषांमधील फरक पिढीने सुटत नाही. तिथे धंदा, घरातील श्रम, बाळंतपणे, गावात येणारी व गावातून जाणारी तरुण माणसे असे काही आणावे लागते. खाणीतील सिलिकाची धूळ फुप्फुसाला क्षयासाठी मऊ करते हे वैद्यकात पक्के आहे, शिवाय धुळीने झालेला निव्वळ फुप्फुसरोगही त्या काळी ‘थायसिस’ म्हणून लिहिला जाण्याची शक्यता होती. तेव्हा धूळ पुस्तिकेत आली, एक शक्यता म्हणून, आणि ज्या तक्त्यात धंदा नोंदलेला नाही तो तक्ता तिला सिद्ध किंवा खोटी ठरवू शकत नाही या वाक्यासह.

धोट्याचे काय झाले, असे मंडळातील एका बाईंनी विचारले; त्यांची आजी मागावर होती. वयवार तक्त्यात तरुण विणकरणी आणि तरुण घरकामकरणी एकाच रकान्यात मेलेल्या आहेत, त्यांना वेगळे करता येत नाही. धोट्याचा मजकूर पुस्तिकेत कामाच्या रीतीचे वर्णन म्हणून राहिला, क्षयाच्या प्रकरणातून तो काढून मागांच्या प्रकरणात नेला.

छपाई चार महिने लांबली.

वेगळे काय करता आले असते

उतरवण्याआधी सगळ्या वर्षांचे छापील मथळे तेवढे एकापुढे एक ठेवून पाहायला हवे होते. एका दुपारचे काम होते. रकाना कोणत्या वर्षी बदलला, रोगाचे नाव कोणत्या वर्षी बदलले, बाहेर झालेले मृत्यू कधीपासून वळते झाले आणि हद्द कधी हलली, या चार तारखा पहिल्याच दिवशी भिंतीवर लावल्या असत्या तर कोणती तेरा वर्षे कामाची आहेत हे स्वयंसेवकांना आधीच सांगता आले असते. स्वयंसेवकाच्या वहीची मागची पाने वाचणे हे तपासणाऱ्याचे काम आहे, आणि ते मी केले नाही.

आलेख आणि परिच्छेद यांचा क्रमही उलटा झाला. आलेख टक्केवारीचा होता, परिच्छेद जोखमीविषयी बोलत होता, आणि दोघांमधील दरी मी ‘ठीक’ या एका शब्दाने बुजवली. त्याऐवजी लेखकाला त्याचे विधान कोणत्या भागाकारावर उभे आहे हे विचारले असते तर ‘वाढ’ हा शब्द तिथेच गळून पडला असता.

पिढीचे स्पष्टीकरण सापडल्याच्या आनंदात मी बायकांचा तक्ता बघायला विसरले, हे मात्र मला रकान्याच्या चुकीपेक्षा अधिक टोचते. रकान्याची चूक घाईची होती. ही दुसरी चूक एका सुंदर तक्त्याच्या प्रेमात पडण्याची होती. फ्रॉस्ट यांच्या मांडणीत राज्यभराची लोकसंख्या होती. आमच्या गावातून १९२० नंतरच्या मंदीत तरुण कामासाठी बाहेर जात होते आणि त्यांतील जे आजारी पडत त्यांतले काही परत येत होते. अशा गळक्या गावात ‘तीच माणसे वीस वर्षांनी’ असे म्हणणे अर्धेच खरे असते, आणि पुस्तिकेच्या पहिल्या दुरुस्त मसुद्यात मी ते पूर्ण खरे म्हणून लिहिले होते. ते वाक्य छपाईला जाण्याच्या आदल्या आठवड्यात बदलले.

वैयक्तिक प्रमाणपत्रांचा पर्याय आम्ही खर्चाच्या कारणाने लवकर सोडला, असे डॉक्टरांचे अजूनही मत आहे. ४५ ते ६५ वयाच्या पुरुषांचे १९२९ ते १९३३ या पाच वर्षांतील क्षयमृत्यू मोजकेच आहेत. प्रमाणपत्रावर मृताचा धंदा लिहिलेला असतो, त्यामुळे त्यांत खाणकामगार किती होते हे थेट कळले असते. अडचण अशी की वार्षिक तक्त्यात नावे नसतात, आणि नावाशिवाय प्रमाणपत्र मागवता येत नाही. चर्चच्या आणि कौन्सिलच्या दफनभूमीच्या वह्यांतून त्या वयाच्या सर्व पुरुषांची नावे काढून, मग त्या सर्वांची प्रमाणपत्रे मागवून, त्यांतून क्षयाची वेगळी करावी लागतील. मंडळाने या कामासाठी दफनाच्या वह्यांची यादी केली आहे. प्रमाणपत्रे अजून मागवलेली नाहीत.